११२ विरुद्ध १००

सप्टेंबरात लेकीकडे शिकागोला होते. तिकडे कामगार दिनाची सुट्टी सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी असते. लेक म्हणाली, आई, आज मी मोकळी आहे, कुठे जायचं सांग. मी म्हटलं, पुलमनला. चार वर्षं तिथे राहून तिने हे नाव ऐकलं नव्हतं.

शहराच्या दक्षिण टोकाला लाल विटांच्या घरांची ही वस्ती आहे. एकाला एक लागून घरांच्या रांगा, घड्याळाचा मनोरा असलेली कारखान्याची कचेरी, एक चर्च, एक जुनं हॉटेल. कचेरीत आता संग्रहालय आहे. दोन-तीन तास फिरलो. त्या रात्री मला झोप आली नाही. का आली नाही ते लिहिते आहे. लांबलचक झालंय, सवडीने वाचा.

आधी तारखांचं सांगते. १ मे १८८६ ला आठ तासांच्या दिवसासाठी अमेरिकेत लाखो कामगार संपावर गेले आणि शिकागो त्याचं केंद्र होतं. ४ मे ला हेमार्केट चौकातल्या सभेत कुणीतरी बॉम्ब टाकला. कुणी टाकला ते आजवर सिद्ध झालेलं नाही, पण आठ जणांवर खटला चालला आणि चौघांना ११ नोव्हेंबर १८८७ ला फाशी दिलं. आपण १ मे ला कामगार दिन पाळतो तो या लढ्याची आठवण म्हणून. खुद्द अमेरिकेत मात्र त्या दिवशी सुट्टी नसते. सप्टेंबरचा सोमवार देशभराची सुट्टी म्हणून जाहीर करणाऱ्या कायद्यावर अध्यक्ष क्लीव्हलंडने सही केली २८ जून १८९४ ला. आणि त्यानंतर आठवडाभरात त्याच अध्यक्षाने शिकागोत कामगारांवर लष्कर धाडलं. ते लष्कर आलं पुलमनच्या संपामुळे.

जॉर्ज पुलमन हा रेल्वेच्या आरामशीर शयनडब्यांचा कारखानदार. १८८० पासून त्याने कारखान्याभोवती कामगारांसाठी अख्खं गाव वसवलं. नळाचं पाणी, गॅसचे दिवे, सांडपाण्याची सोय, बागा. त्या काळातल्या शिकागोच्या इतर कामगार वस्त्या पाहिल्या तर हे फार मोठं काम होतं, हे मान्य केलंच पाहिजे. पण घर विकत घ्यायची परवानगी नाही, भाड्यानेच राहायचं. भाडंही आजूबाजूच्या वस्त्यांपेक्षा जास्त. वाचनालयाला वर्गणी. चर्चलासुद्धा भाडं, आणि ते इतकं की सुंदर बांधलेली ती इमारत सुरुवातीला कित्येक दिवस रिकामीच राहिली. नोकरी देणारा तोच, घरमालक तोच, गावाचा धनीही तोच.

१८९३ साली मंदी आली. कारखान्याने माणसं कमी केली, उरलेल्यांची मजुरी सरासरी पाव हिश्शाने कापली. भाडं मात्र एका सेंटनेही उतरलं नाही. भागधारकांचा लाभांशही चालूच राहिला. तिथले पाद्री विल्यम कार्वर्डाइन यांनी सांगितलेली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही: एका कामगाराच्या हातात भाडं वळतं करून राहिलेला पगार पडला तो दोन सेंटांचा. तो चेक त्याने वटवलाच नाही, तसाच जपून ठेवला. मी जन्मभर बँकेत चेक हाताळले. त्या माणसाने तो का वटवला नसेल ते मला कुणी समजावून सांगायला नको.

जेनी कर्टिस नावाची मुलगी शिवण खात्यात होती. तिचे वडील याच कंपनीत वर्षानुवर्षं राबून वारले. जाताना भाड्याची बाकी राहिली होती, साठ डॉलर. ती तिच्या अंगावर पडली आणि तिच्या पगारातून फेडणं सुरू झालं. मे १८९४ मध्ये कामगारांचं शिष्टमंडळ मालकाला भेटलं, लगेच त्यातल्या तिघांना कामावरून कमी केलं आणि ११ मे ला कारखाना बंद पडला. जूनमध्ये शिकागोत अमेरिकन रेल्वे युनियनचं अधिवेशन भरलं. तिथे या मुलीने उभं राहून आपली हकिकत सांगितली, आणि सगळं सभागृह पुलमनच्या कामगारांच्या बाजूला वळलं.

ही युनियन जेमतेम वर्षाची होती. तिचा नेता युजीन डेब्स आधी फायरमनांच्या, म्हणजे इंजिनात कोळसा टाकणाऱ्यांच्या, संघटनेत पदाधिकारी होता. तेव्हा रेल्वेत ड्रायव्हरांची संघटना वेगळी, फायरमनांची वेगळी, गार्डांची वेगळी. एकाने संप केला की दुसरा गाडी चालवायचा. हे बघून बघून वैतागलेल्या डेब्सने ठरवलं, सगळ्यांची एकच युनियन. ड्रायव्हर, पॉइंट्समन, रुळांवर गिट्टी भरणारा गँगमन, डबे बांधणारा सुतार, गाद्या शिवणारी बाई, सगळे एका छताखाली. एप्रिल १८९४ मध्ये तिने ग्रेट नॉर्दर्न या बलाढ्य रेल्वेविरुद्धचा संप अठरा दिवसांत जिंकला, आणि मग सभासदांची रीघ लागली. वर्षभरात दीड लाख. मी स्वतः वीस वर्षं युनियनचं काम केलं आहे. माणूस एकेक करून जोडताना काय कष्ट पडतात ते ठाऊक असल्यामुळे हा आकडा वाचून मी थक्क झाले.

त्याच अधिवेशनात आणखी एक ठराव होता. सभासद होण्यासाठी गोरं असण्याची अट काढून टाकावी की नाही? डेब्सने अट काढा म्हणून कळकळीने सांगितलं. मतं मोजली. अट ठेवा: ११२. काढा: १००.

बारा मतं. सात जणांनी हात वेगळा वर केला असता तर निकाल उलटा लागला असता.

आता पुलमन कंपनीच्या शयनडब्यांत प्रवाशांची गादी घालणारे, बूट चकचकीत करणारे, रात्रभर घंटीला ओ देणारे पोर्टर कोण होते? सगळे काळे. यादवी युद्धानंतर गुलामीतून सुटलेल्या माणसांना पुलमनने मुद्दाम या कामावर घेतलं होतं. म्हणजे ज्या कंपनीविरुद्ध हा लढा उभा राहत होता, तिच्याच हजारो कामगारांना लढणाऱ्यांनी दाराबाहेर उभं केलं.

२६ जूनला बहिष्कार सुरू झाला. ज्या गाडीला पुलमनचा डबा असेल ती गाडी हलवायची नाही. बघता बघता अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले आणि सत्तावीस राज्यांत रेल्वे विस्कळीत झाली. शिकागोतल्या चोवीस रेल्वे कंपन्यांची मालक संघटना एकवटली. टपालाच्या गाड्यांना पुलमनचे डबे जोडले गेले, म्हणजे डबा अडवला की सरकारी टपाल अडवल्याचा आरोप. देशाचा ॲटर्नी जनरल रिचर्ड ओल्नी स्वतः रेल्वे कंपन्यांचा वकील राहिलेला. २ जुलैला कोर्टाचा मनाई हुकूम निघाला आणि ४ जुलैला, त्यांच्या स्वातंत्र्यदिनी, लष्कर शिकागोत उतरलेलं होतं. राज्याचे गव्हर्नर ऑल्टगेल्ड विरोध करत राहिले. हेमार्केटच्या खटल्यातले जे तिघे तुरुंगात उरले होते त्यांना आदल्याच वर्षी माफी देणारे ते हेच. त्यांचं कुणी ऐकलं नाही. नुसत्या शिकागोत तेरा माणसं मेली. डेब्सला कोर्टाच्या अवमानाबद्दल सहा महिने तुरुंगवास झाला. युनियन संपली.

बारा मतांमुळेच संप हरला असं मी म्हटलं तर ते खोटं होईल. कोर्ट आणि बंदुका एका बाजूला असताना सगळे पोर्टर सोबत असते तरी कदाचित हेच झालं असतं. पण काळ्यांना बाहेर ठेवणं हे पराभवाच्या कारणांपैकी एक होतं, असं डेब्सनेच पुढे सांगितलं. नेत्याने असं कबूल करण्याला मी फार मान देते.

आणि ही एकट्या रेल्वे युनियनची गोष्ट नाही. त्याआधीची नाइट्स ऑफ लेबर ही संघटना १८८६ मध्ये सात लाखांवर पोचली होती. बायका घेतल्या, काळे कामगार घेतले, त्या काळात हे केवढं धाडस. पण चिनी माणसाला दार बंद. १८८५ मध्ये वायोमिंगच्या रॉक स्प्रिंग्ज इथे गोऱ्या खाणकामगारांनी किमान अठ्ठावीस चिनी खाणकामगार मारले. १९०७ च्या सप्टेंबरात वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅमच्या लाकूड गिरण्यांतून गोऱ्या कामगारांनी हुसकावून लावले ते आपले लोक, मुख्यतः पंजाबी. म्हणणं एकच असायचं, हे लोक कमी पैशात राबतात आणि आमची मजुरी पाडतात. अहो, मग त्यांना आत घ्या! तुमच्याइतकी मजुरी त्यांना मिळवून द्या, म्हणजे पाडायला काही उरणार नाही. पण नाही. बाहेर ठेवायचं, बाहेर आहेत म्हणून ते स्वस्तात राबणार, आणि स्वस्तात राबतात म्हणून बाहेर ठेवायचं.

आपण यात वेगळे होतो असं समजू नका. मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्यात पगार बरा, पण तिथे अस्पृश्य मानलेल्या कामगाराला शिरकाव नव्हता. कारण मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, आणि त्याने तोंड लावलेला धोटा बाकीच्यांना चालत नसे. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. लाल बावटा खांद्यावर घेतलेल्यांना तोवर तो आपला प्रश्न वाटला नव्हता.

पुलमनला परत येते. १८९७ मध्ये जॉर्ज पुलमन वारला. चिडलेले कामगार प्रेत उकरतील या भीतीने शवपेटी काँक्रीटमध्ये आणि लोखंडी रुळांखाली पुरली. पुढच्या वर्षी इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला गाव विकून टाकायला लावलं. पोर्टर मात्र तसेच राबत राहिले, महिन्याला चारशे तास. बक्षिसीवर पोट. प्रवासी त्यांना हाक मारायचे ती एकच, ‘जॉर्ज’. मालकाचं नाव जॉर्ज म्हणून त्याचा प्रत्येक नोकर जॉर्ज, जसं गुलामाला धन्याच्या नावाने ओळखायचे तसं.

२५ ऑगस्ट १९२५ ला न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये या पोर्टरांनी स्वतःची युनियन काढली. नेता निवडला ए. फिलिप रँडॉल्फ. तो स्वतः पोर्टर नव्हता, त्यामुळे कंपनीला त्याला काढून टाकता येणार नव्हतं. किती शहाणपणाची निवड! कंपनीने सभासदांना कामावरून काढलं, हेर पेरले, काही डब्यांत फिलिपिनो नोकर आणून ‘तुमच्याशिवाय आमचं अडत नाही’ हेही दाखवून दिलं. मंदीत वर्गणीदार गळाले. पोर्टरांच्या बायकांनी जेवणावळी करून, तिकिटं विकून पैसा उभा केला. आणि बरोबर बारा वर्षांनी, २५ ऑगस्ट १९३७ ला, पुलमन कंपनीने करारावर सही केली. महिन्याला २४० तास, पगारवाढ. ज्या कंपनीला १८९४ मध्ये दीड लाखांची युनियन वाकवू शकली नाही, तिला त्या युनियनने नाकारलेल्या माणसांनी टेबलावर आणून बसवलं.

वस्तीजवळच पोर्टरांच्या नावाचं छोटं संग्रहालय आहे. त्यांच्याबद्दल वाचताना लेकीने विचारलं, “आई, तुमच्या युनियनमध्ये सगळे होते का गं?”

मी लगेच हो म्हणणार होते.

आमची युनियन भक्कम होती. पगाराचे करार, बाळंतपणाची रजा, बदलीतला अन्याय, सगळ्यासाठी आम्ही उभे राहिलो आणि मिळवलं. त्याचा मला आजही अभिमान आहे, युनियनला नावं ठेवणाऱ्यांशी मी आजही भांडते. पण शाखेत सकाळी साडेआठला येऊन झाडलोट करणाऱ्या, पाणी भरणाऱ्या बाई आमच्या सभासद नव्हत्या. हजेरीपुस्तकात त्यांचं नाव नव्हतं. १९९० च्या दशकात एका सर्वसाधारण सभेत एका तरुण सहकाऱ्याने मांडलं की अशा रोजंदारीवरच्या माणसांना कायम करा, ही आपल्या मागणीपत्रात पहिली मागणी असू दे. व्यासपीठावरून उत्तर आलं, आत्ता ते घातलं तर आपल्या वेतनवाढीची ताकद कमी होईल, पुढच्या वेळी बघू. हात वर करायला सांगितले. त्याच्या बाजूने फार थोडे हात वर गेले. माझा हात खाली होता.

ते व्यासपीठावरचे लोक वाईट नव्हते. त्यांच्यातल्या दोघांनी युनियनसाठी बढती नाकारली होती. ते ११२ जणही वाईट नसतील, महिनाभर जेनी कर्टिसच्या गावासाठी मार खायला तीच माणसं तयार झाली.

ज्या मैत्रिणी अजून नोकरीत आहेत त्यांना सांगायचंय. आता तुमच्याकडे झाडलोट, पहारा, एटीएम, सगळं कंत्राटदाराकडे गेलं आहे. पुढच्या कराराची बोलणी सुरू होतील तेव्हा त्या माणसांचा विषय शेवटच्या पानावर टाकू नका. कंत्राटदार त्यांना किती देतो, भविष्यनिर्वाह निधी भरतो का, हे विचारायला युनियनच्या पदाधिकाऱ्याला घेऊन जा. तो टाळाटाळ करेल, तरी न्या.

आमच्या शाखेतल्या त्या बाईंचे पैसे दर महिन्याला व्हाउचरने निघायचे, किरकोळ खर्चाच्या खात्यातून. ते व्हाउचर अकरा वर्षं मीच लिहिलं. त्यावर त्यांचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, आडनाव माझ्याच अक्षरात आहे. हाक मात्र आम्ही सगळे एकच मारायचो, मावशी. माझ्याही तोंडून त्यांचं नाव एकदाही निघालं नाही.