मोरपंखी भिंत आणि गुलाबट दिसणारा क्रीम: आमचं उत्तर

नमस्कार मॅडम. मोरपंखी भिंत चट्टेरी दिसते, उरलेल्या तीन भिंतींचा क्रीम कार्डावर होता तसा नाही, गुलाबट वाटतो, असं तुम्ही लिहिलंय. फोटो नीट पाहिले. मोरपंखीची चूक सरळ आमची आहे.

असे गडद रंग डीप बेसमध्ये, म्हणजे गडद छटांसाठीच्या मूळ रंगात, बनतात. खालचं झाकणारं टायटॅनियम डायऑक्साइड त्यात फार कमी असतं, त्यामुळे पांढऱ्या प्रायमरवर दोन हात पुरत नाहीत, तिसरा लागतोच. आमच्या माणसांनी दोनवरच काम थांबवलं. शिवाय स्विचबोर्डाच्या वर जो फिकट डाग दिसतो, तिथे पुट्टी घासल्यावर प्रायमर मारलेला नाही. पुट्टीने रंग पिऊन टाकला. नुसता तेवढाच डाग भरला तर गडद रंगात तो टच-अप कायम उठून दिसेल. म्हणून डागावर प्रायमर, आणि मग अख्खी भिंत या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत एका दमात, रोलरची कड वाळू न देता. 12 बाय 10 फुटांची भिंत आहे, एक लिटरमध्ये हा हात आरामात होतो. रंग आणि मजुरी आमच्याकडून.

क्रीमचा कोड मात्र डब्यावर बरोबर आहे. निळ्या-हिरव्याशेजारचा फिका रंग डोळ्याला तांबूस भासतो. कोऱ्या कागदाला रुपयाएवढं भोक पाडा आणि मोरपंखी नजरेआड ठेवून त्यातून क्रीम पाहा, फरक लगेच कळेल. त्यात तुमच्याकडे पिवळे एलईडी आहेत आणि दुकानात पांढरे. काडेपेटीएवढ्या तुकड्यावरून आम्ही ऑर्डर घ्यायलाच नको होती.

आधी 4000 केल्विनचे, म्हणजे ना पिवळे ना निळसर अशा पांढऱ्या उजेडाचे, दिवे लावून दोन दिवस पाहा, हा सगळ्यात स्वस्त उपाय. तरी खटकलं तर किंचित हिरवट झाकेचा ऑफव्हाइट दोन बाय दोन फुटांत, दोन हात मारून दाखवू: एक नमुना मोरपंखीला लागून, एक समोरच्या भिंतीवर. सकाळी, दुपारी आणि रात्री दिवे लावून बघा. ओल्या रंगावरून ठरवू नका, वाळल्यावर तो थोडा गडद होतो.

मोरपंखीचा उरलेला डबा टाकू नका. नव्या डब्यात मिसळूनच मारू, म्हणजे दोन वेळच्या टिंटिंगमधला (बेसमध्ये रंगद्रव्य मिसळण्यातला) बारीक फरक भिंतीवर येणार नाही.