कागद नसला की मुलांचाच शब्द चालतो : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. लिव्हिंग विल, म्हणजे स्वतःला बोलता येईनासं झाल्यावर कुठले उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणारा कागद, यावरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया चांगलीच खरमरीत आहे, आणि तिला नीट उत्तर द्यायला हवं. तुमचे मुद्दे थोडक्यात असे : हे इच्छामरणच आहे, फक्त नाव गुळगुळीत. फ्लॅटवर डोळा असलेली मुलं म्हाताऱ्या आईबापांकडून सही करून घेतील. गर्भपातासाठी बाईला वैद्यकीय मंडळापुढे उभं करणारा कायदा मरणाच्या बाबतीत नोटरीच्या शिक्क्यावर कसा काय भागवतो? आणि शेवटी, आयसीयूत असला कागद विचारतो कोण? तुमच्या आईबद्दल एका ओळीत विचारलंय, त्याचं उत्तर सर्वांत शेवटी येईल.

मुलांचा मुद्दा आधी घेऊ, कारण खरा गैरसमज तिथे आहे. कागद केला म्हणजे मुलांच्या हाती हत्यार दिलं, असं तुम्ही धरून चालला आहात. या कागदाला मान्यता देणारा सर्वोच्च न्यायालयाचा ९ मार्च २०१८ चा ‘कॉमन कॉज’ निकाल आणि त्यात २४ जानेवारी २०२३ ला झालेली दुरुस्ती वाचली तर चित्र उलटं दिसतं. रुग्णानं काहीही लिहून ठेवलेलं नसलं तरी उपचार थांबवता येतात. डॉक्टरांची तीच दोन मंडळं बसतात, तीच मुदत असते (दोन्हींबद्दल पुढे येईलच), फक्त रुग्णाच्या इच्छेच्या जागी जवळच्या नातेवाइकांची लेखी संमती येते. म्हणजे ज्याला आपल्या मुलांची धास्ती आहे, त्यानं तर हा कागद सर्वांत आधी करावा. त्यात आपल्या वतीनं बोलणारा माणूस आपण निवडतो. २०२३ पासून एकाहून जास्त नावं देता येतात. मोठ्या मुलाऐवजी धाकट्या बहिणीचं नाव घालायला कुणाचीही आडकाठी नाही. क्रमही लिहा : आधी अमुक, ती उपलब्ध नसली तर तमुक. दोघांना एकाच दर्जावर ठेवलं की वाद आयसीयूच्या दारातच सुरू होतो.

साक्षीदार दोन लागतात आणि ते शक्यतो स्वतंत्र असावेत असं निकाल म्हणतो. माझा आग्रह याहून कडक आहे : वारस नको, मृत्युपत्रात ज्याला काही मिळणार आहे तो नको, उपचार करणारा डॉक्टरही नको. शेजारी चालतील, भिशीतल्या मैत्रिणी चालतील. सही त्यांच्यासमोर आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर व्हायला हवी. हे दबावाखाली होत नाही आणि करणाऱ्याला सगळं समजलंय, याची त्यांनी खात्री करायची असते. घरी सही करून कागद नोटरीकडे ‘पाठवून देणं’ हा सर्रास घडणारा प्रकार आहे, आणि उद्या कुणी शंका घेतली तर कागद तिथेच अडकतो. २०१८ मध्ये प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागायची. तिच्यापायी पाच वर्षं ही सोय जवळजवळ कागदावरच राहिली, म्हणून ती अट काढली. स्टॅम्प पेपरची अट निकालात कुठेही नाही.

‘इच्छामरण’ या शब्दाबद्दल. आपल्याकडे हा शब्द भीष्मांपासून चालत आलाय, त्यामुळे तो पटकन तोंडात येतो. पण भीष्मांनी मरणाची वेळ निवडली. इथे वेळ कुणी निवडत नाही. औषध टोचून जीव घेणं आजही गुन्हा आहे, रुग्णानं हात जोडून मागितलं तरी. हा कागद एवढंच सांगतो की आजार बरा होणार नाही आणि मला बोलता येत नाही, अशा वेळी कुठली यंत्रं लावू नयेत किंवा लावलेली काढावीत. शुद्धीवर असलेला, समज शाबूत असलेला माणूस नको ते उपचार तोंडानंच नाकारू शकतो. त्याला कागद लागतच नाही.

आता मजकूर. बहुतेक कागद निकामी होतात ते इथे. इंटरनेटवरून उतरवलेल्या नमुन्यात ‘मला व्हेंटिलेटर नको’ असं एक वाक्य असतं. ते धोकादायक आहे. न्यूमोनियात चार-पाच दिवस व्हेंटिलेटरवर राहून माणसं चालत घरी जातात. त्यांच्या कागदावर हे वाक्य असलं तर डॉक्टर एक तर गोंधळतील किंवा कागद बाजूला ठेवतील, आणि संदिग्ध कागद लागू करायचा नाही असं निकालच सांगतो. त्यापेक्षा असं लिहा : ‘माझा आजार बरा होण्याची आशा नाही असं दोन्ही वैद्यकीय मंडळांनी ठरवलं आणि मला स्वतःला निर्णय घेता येत नसला, तर व्हेंटिलेटर, डायलिसिस, रक्तदाब टिकवून धरणारी औषधं आणि हृदय बंद पडल्यावर छाती दाबून किंवा शॉक देऊन ते सुरू करणं, हे उपचार सुरू करू नयेत, सुरू असतील तर थांबवावेत.’ नाकातल्या नळीनं अन्न देण्याबद्दल वेगळं वाक्य लिहा, कारण ‘उपाशी कसं ठेवायचं’ यावर घराघरांत भांडणं होतात. आणि काय हवं तेही लिहा : वेदनाशामक, धाप कमी करणारं औषध, तोंड ओलं ठेवणं, जवळ माणूस.

कागदाच्या प्रती काढा. एक स्वतःकडे, एक नाव दिलेल्या प्रत्येकाकडे, एक नेहमीच्या डॉक्टरांकडे आणि एक महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीनं नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. त्याला निकालात कस्टोडियन म्हटलंय. गोव्यात मे २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या तिथल्या पीठाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचं लिव्हिंग विल जाहीरपणे केलं. महाराष्ट्रात कस्टोडियन नेमले गेले ते स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांनी मुंबई उच्च न्यायालयात याचिका लावून धरल्यावर. तरी खिडकीवरच्या माणसाला हे ठाऊक असेलच असं नाही. कागद आवक विभागात द्या, आपल्या प्रतीवर तारखेसह शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. नुसती तोंडी पोच घेऊन परत येऊ नका. पुढे उपचार करणाऱ्या डॉक्टरांना कागदाचा खरेपणा याच नोंदीवरून किंवा डिजिटल आरोग्य नोंदीवरून तपासायचा असतो.

मानसिक आरोग्य कायदा २०१७ मधलं आगाऊ निर्देशपत्र वेगळं. ते फक्त मानसिक आजारावरच्या उपचारांपुरतं आहे. तो फॉर्म भरून आयसीयूत उपयोग नाही.

आयसीयूत कोण विचारतो, हा तुमचा चिमटा बरोबर आहे. विचारावं लागतं, तेही लेखी. नाव दिलेल्या व्यक्तीनं कागदाची प्रत जोडून रुग्णालयाच्या अधीक्षकांना अर्ज द्यायचा : प्राथमिक मंडळ बसवा. त्यात उपचार करणारे डॉक्टर आणि त्या विषयाचे किमान दोन तज्ज्ञ, प्रत्येकाचा अनुभव किमान ५ वर्षांचा. २०१८ मध्ये हीच अट २० वर्षांची होती, मग तालुक्याच्या गावी मंडळ बसणार कसं? मत शक्यतो ४८ तासांत द्यायचं. त्यानंतर रुग्णालय लगेच दुसरं मंडळ बसवतं : जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यानं नेमलेला एक डॉक्टर आणि पहिल्या मंडळात नसलेले दोन तज्ज्ञ. पुन्हा ४८ तास. दोन्ही मतं जुळली आणि नाव दिलेल्यांची संमती असली की रुग्णालय न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवतं आणि मग अंमल होतो. कळवायचं असतं, परवानगी मागायची नसते. हा फरक रुग्णालयाच्या कायदा विभागालाही कधीकधी समजावून सांगावा लागतो. मंडळानं नकार दिला तर उच्च न्यायालयात जाता येतं.

अडतं ते दुसऱ्या मंडळावर. बाहेरून नेमायच्या त्या एका डॉक्टरचं नाव येईपर्यंत शनिवार-रविवार उलटतो. रुग्णालयानं अशा डॉक्टरांची यादी आधीच मंजूर करून ठेवली तर हा खोळंबा होणार नाही. पण हे रुग्ण दाखल झाल्यावर सुचून भागत नाही.

ही वाट न धरता आपल्याकडे काय चालतं ते तुम्हालाही माहीत असेल. ‘आमच्या जबाबदारीवर घरी नेतो’ असं लिहून द्यायचं. रुग्णालयाच्या भाषेत डामा, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी जाणं. घशात नळी तशीच, रुग्णवाहिकेत वॉर्डबॉय हातानं श्वासाचा फुगा दाबतोय, जिन्यावरून स्ट्रेचर वाकडं होतंय, आणि दारात पोचल्यावर नळी काढायची. वेदना आणि धाप शमवणारं मॉर्फिन नाही, गुंगी आणणारं मिडॅझोलॅम नाही, घशातला घरघर आवाज कमी करणारं औषध नाही. तोच माणूस रुग्णालयात, दोन मंडळांच्या सहीनंतर, आधी औषध देऊन धाप शांत करून, मॉनिटरचे आवाज बंद करून, घरच्यांचा हात हातात असताना जाऊ शकतो. निर्णय दोन्हीकडे तोच असतो. मला या कागदाबद्दल एवढं पोटतिडकीनं लिहावंसं वाटतं ते या रुग्णवाहिकेमुळे.

आता गर्भपाताचा मुद्दा. इथे तुम्ही बरोबर आहात, आणि मूळ लेखात याचा उल्लेख करायला हवा होता. गर्भपात कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. २० ते २४ मध्ये दोघांचं, आणि तेही नियमांत दिलेल्या गटांतल्या स्त्रियांसाठी : बलात्कारपीडित, अल्पवयीन, गरोदरपणात विधवा किंवा घटस्फोटित झालेली, गर्भात व्यंग असलेली, वगैरे. सर्वोच्च न्यायालयानं २९ सप्टेंबर २०२२ ला या गटांचा अर्थ अविवाहित स्त्रियांनाही सामावून घेईल असा लावला. २४ आठवड्यांनंतर मात्र गर्भात मोठं व्यंग असेल तरच, आणि वैद्यकीय मंडळ हो म्हणालं तरच. जीव वाचवायला तातडीनं गरज असेल तर आठवड्यांची मर्यादा नाही, एका डॉक्टरचा निर्णय पुरतो. सज्ञान स्त्रीची एकटीची सही पुरते. नवऱ्याची सही कायद्यात कुठेच नाही, तरीही दवाखाने ती मागतात.

घोळ कसा होतो ते पाहा. व्यंग शोधणारी सोनोग्राफी १८ ते २० आठवड्यांत होते. हृदयात काही शंका आली की गर्भाची टू-डी इको, मग गर्भजल तपासणी, तिच्या अहवालाला दोन-तीन आठवडे. एवढ्यात २४ आठवडे सरतात. मंडळानं अर्जापासून ३ दिवसांत मत द्यायचं आणि ५ दिवसांत सगळं पार पडायचं असा नियम आहे. व्यंगाच्या प्रकरणात मंडळाची परवानगी पुरते, तरी ‘कोर्टाचा आदेश आणा’ म्हणून बाईला परत पाठवलं जातं. २००८ साली मुंबई उच्च न्यायालयात गर्भातल्या व्यंगावरून गर्भपाताची परवानगी मागणाऱ्या एका जोडप्याची याचिका फेटाळली गेली होती. त्या वेळीही डॉ. दातारच त्यांच्या बाजूनं उभे होते.

मंडळ काय तपासतं, यात दोन्ही कायद्यांचा फरक आहे. मरणाच्या बाबतीत इच्छा आधीच लिहिलेली असते. मंडळाला विचारायचा प्रश्न वैद्यकीय : बरं होण्याची आशा आहे का? २४ आठवड्यांपुढे मात्र मंडळ बाईच्या इच्छेवरच निकाल देऊन बसतं. जानेवारी २०२३ मध्येच मुंबई उच्च न्यायालयापुढे असं प्रकरण आलं. गर्भ सुमारे ३३ आठवड्यांचा, व्यंग गंभीर, आणि तरीही मंडळाचा सल्ला नकाराचा. न्यायालयानं परवानगी दिली आणि निवड करण्याचा हक्क त्या स्त्रीचा आहे, मंडळाचा नाही, असं स्पष्ट म्हटलं. कायद्याच्या मजकुरात हे अजून आलेलं नाही. यायला हवं.

गोठवलेल्या भ्रूणांचा तुम्ही ओझरता उल्लेख केलाय, म्हणून दोन शब्द. २०२१ च्या सहाय्यक प्रजनन कायद्यात भ्रूण १० वर्षांपर्यंत ठेवता येतात. त्यानंतर ते नष्ट होऊ द्यायचे किंवा जोडप्याच्या संमतीनं संशोधनाला द्यायचे. गर्भाशयात सोडेपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतं. संशोधनासाठी स्टेम सेल संशोधनाच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार भ्रूण १४ दिवसांपुढे वाढवता येत नाही. संमतीपत्राचे रकाने डोळे मिटून भरू नका, एवढंच इथे सांगतो.

आणि आई. वय ८१, विसराळूपणा सुरू झालाय, आता कागद करता येईल का, असं तुम्ही विचारलंत. करता येईल, जर सही करताना आपण काय नाकारतोय हे तिला कळत असेल. काल जेवायला काय होतं ते आठवत नसलं तरी हे कळू शकतं. सकाळची वेळ धरा, झोप झालेली असताना. आदल्या दिवशी शांतपणे बोलून ठेवा. नेहमीच्या डॉक्टरांकडून त्याच दिवशी लिहून घ्या की त्यांनी तिच्याशी बोलून तिची समज तपासली. निकालात ही अट नाही, पण तुमच्यासारख्या घरात ती सर्वांत उपयोगी पडेल. कागद मराठीत असू दे, शक्य तितका तिच्या शब्दांत. डोळ्यांनी दिसत नसेल तर वाचून दाखवा आणि वाचून दाखवल्याचं खाली लिहा. नंतर मन बदललं तर ती तो रद्दही करू शकते, मात्र लेखी. तिला समजत नसेल तर तिच्या नावानं तुम्ही सही करू नका. असा कागद चालत नाही. मग नातेवाइकांच्या संमतीची वाट उरते, तेव्हा भावंडांशी आत्ताच बोलून घ्या. आणि साक्षीला तुमच्यापैकी कुणी बसू नका.