हमरस्ता आपल्या दारी

घरात नवी गाडी आली की तिच्या चाकांना मातीची लाज वाटू लागते. हार-पेढ्यांसकट आलेली ती लक्ष्मी फाटकातून आत शिरताना चिऱ्यांवर जराशी डुगडुगली, तर धन्याच्या काळजात कळ येते. तेव्हा उशीर करू नका. फाटकापासून पडवीपर्यंत डांबर ओता. आजोबांनी बसवलेले चिरे अजून हललेले नाहीत हे खरं, पण एकच वस्तू तीन पिढ्या टिकायला लागली तर माणसाने हौस करायची कधी?

मुहूर्त मे अखेरचा धरा. तेव्हा आमच्या गोव्यात वाड्यावरच्या रस्त्याचं हॉटमिक्स, म्हणजे गरम डांबर-खडी घालण्याचं काम, चालू असतं आणि संध्याकाळी मुकादम फाटकाशी येऊन हळूच विचारतो, "बाब, माल उरला थोडो. घालूं?" नाही म्हणू नका. ३ मीटर रुंद, १० मीटर लांब वाटेवर ५ सेंटिमीटर थर द्यायचा तर माल लागतो साडेतीन टनांच्या आसपास. तेवढ्यासाठी तुमच्या नावाने कोणी प्लांट पेटवत नाही. उरलेलाच घ्यावा लागतो. तो उरला कसा, हे विचारणं असभ्यपणाचं. नंतर ग्रामसभेत उठून 'आमचा रस्ता एवढा पातळ का?' असं खणखणीत विचारायला तुम्ही मोकळेच आहात.

प्लांटातून निघताना हा माल १५० अंशांच्या आसपास तापलेला असतो. तो ९० च्या खाली उतरला की दाबाई फक्त फोटोपुरती. दुपारपासून टिपरात ताडपत्रीखाली बसलेल्या मालाचा थंड उपमा झालेला असतो, गुठळ्यांसकट. पसरा. खाली खडीचा नीट दाबलेला थर हवा, दोन्ही कडांना आधार हवा, घराकडून बाहेर शंभराला दोन-अडीच उतार हवा, असं एखादा इंजिनिअर भाचा सांगू लागेल. त्याला जेवायला वाढा.

रोलर मात्र आठ-दहा टनी खराच आणा. त्यासाठी गडगा थोडा पाडावा लागेल, आणि सेप्टिक टाकी नेमकी कुठे आहे हे तुम्हाला आठवत नसेल तर रोलर शोधून देतो.

डांबर-खडीच्या रस्त्याचा हा शोध मूळचा इंग्लंडचा. १९०१ साली डर्बिशायरमधल्या डेन्बीजवळ रस्त्यावर डांबराचं पिंप फुटलं, कोणीतरी त्यावर भट्टीतली मळी टाकली, आणि एडगर हूली नावाच्या सर्व्हेअरला तेवढ्या जागेत धूळ उडत नाही असं दिसलं. पुढच्याच वर्षी पेटंट. आपण घालतो ते कोळशाचं डांबर नव्हे, रिफायनरीत खनिज तेलातून सगळं काढून घेतल्यावर तळाला राहतं ते बिटुमेन. म्हणजे मुळात तेही उरलेलंच. मुकादम खोटं बोलत नव्हता.

आता, डेन्बीकडे वर्षभरात पडतो तेवढा पाऊस आमच्याकडे एकटा जुलै पाडतो. पण तो विचार हूलीसाहेबांनी करायला हवा होता. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस. तुमच्या त्या ३० चौरस मीटर वाटेवर पडणारं पाणी हिशोबाने ९०,००० लिटर भरतं. पूर्वी ते चिऱ्यांच्या सांध्यांतून मातीत, मातीतून विहिरीत असं वशिल्याने जिरायचं. आता दहा हजारांचे नऊ टँकर दर पावसाळ्यात रस्त्यावर सोडून द्या आणि एप्रिलमध्ये एक टँकर विकत घ्या. उतार चुकून घराकडे गेला असेल तर तोही त्रास नाही. पाणी थेट पडवीत येतं.

पहिल्या पावसातच खडी सुटू लागेल. घाबरू नका. चवथीआधी खड्डे बुजवण्याची आपली परंपरा आहेच. ती आजवर फक्त सार्वजनिक रस्त्यांना लागू होती, तुम्ही ती घरात आणलीत.

उन्हाळ्याचीही सोय आहे. आपल्याकडच्या रस्त्यांना चालणारं व्हीजी-३० प्रतीचं डांबर, नियमाने पाहिलं तर, निदान ४७ अंशांपर्यंत मऊ पडू नये. मेच्या दुपारी काळी जमीन तेवढी सहज तापते. स्कूटरचा साइड स्टँड आत रुतला की चोरीची भीती संपली. भिरंडाची, म्हणजे कोकमाची, सोलं अंगणात वाळत घालायची पद्धत मात्र बंद करावी लागेल, किंवा चालूच ठेवा. कढीला जरा वेगळा वास येईल इतकंच. अनवाणी माणसं दारापर्यंत येणं आपोआप थांबतं, त्यात भिक्षेकरी आले आणि आपली आईही आली.

राहता राहिलं तुळशीवृंदावन. मुकादम 'मधे येता' म्हणेल, पण हलवू नका. वळसा घालून डांबर घाला. अंगणात वाहतूक बेट असलेलं घर तालुक्यात दुसरं नसेल. व्हडल्या दिवाळीला, म्हणजे तुळशीच्या लग्नाला, पोरी भोवती रांगोळी काढतील. काळ्यावर पांढरी इतकी उठून दिसते, की पाहुणे कडेला थांबून आधी दोन्ही बाजूंना बघतात.

आणि गाडी? ती तूर्त फाटकाबाहेर फणसाखालीच लावा. आत आणली तर टायरना डांबर चिकटतं. फक्त मे महिना आहे आणि फणस पिकलेत, तेवढं टपाकडे लक्ष ठेवा.