टर्बोवर खापर फोडण्याआधी

एक मेसेज फिरतोय. तो असा: "डिझेल पिकअप अचानक ओढेनाशी झाली तर टर्बो संपला समजा. आधी ईजीआर बंद करा, डीपीएफ कापून टाका, टाकीत इंजेक्टर क्लीनरची बाटली ओता. लाईट पेटली असेल तर कोड खोडा. तरीही जमलं नाही तर इंजेक्टरच्या नळ्यांचे नट एकेक करून ढिले करा, मेलेला सिलिंडर सापडेल." (टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारा पंखा, ईजीआर म्हणजे धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह, डीपीएफ म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, इंजेक्टर म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग, आणि कोड म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला दोषाचा क्रमांक.) पिकअपचा पिकअप जाणं ही खरी डोकेदुखी आहे, त्यामुळे असला मेसेज लोक जपून ठेवतात. पण यातला शेवटचा सल्ला जिवावर बेतू शकतो. बाकीचे खिशावर.

टर्बोपासून सुरुवात करू. माझ्यासमोर एक गाडी आली होती. रिकामी असली की झकास पळायची, माल भरून चढाला लागली की तिसऱ्या गिअरमध्ये दम टाकायची आणि मागे काळा धूर सोडायची. आधीच्या मेकॅनिकने टर्बोचं चाक बोटाने हलवून "शाफ्टला प्ले आहे, बदला" असा निकाल देऊन टाकलेला. आता बहुतेक टर्बोंचा शाफ्ट बुशमध्ये तेलाच्या थरावर तरंगतो. इंजिन बंद असताना तो आडवा किंचित हलणारच, नवाकोराही हलतो. घाबरायचं केव्हा? तो आत-बाहेर सरकत असेल, पाती घरावर घासल्याच्या खुणा असतील, तेव्हा. इथे तसं काहीच नव्हतं.

स्कॅनर लावून, माल भरलेला ठेवूनच चढावर चालवली. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, मॅनिफोल्डमध्ये (हवा इंजिनात शिरते त्या नळीत) २२० किलोपास्कल दाब मागत होता, मिळत होता १४०. (उभ्या गाडीत हा आकडा शंभरच्या आसपास असतो. ती नुसती बाहेरची हवा, टर्बोची कमाई नव्हे.) म्हणजे हवा कुठेतरी पळत होती. टर्बोची तापलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचा होज (रबरी नळी) खालच्या बाजूने, क्लिपच्या कडेला, नखाएवढा फाटला होता. इंजिन शांत असताना फट मिटायची, वरून काही दिसायचं नाही. दाब चढला की तोंड उघडायची. खूण एकच, त्या जागी तेलकट काळा डाग. होज बदलला, टर्बो तोच राहिला.

म्हणून पी०२९९ हा कोड नीट वाचा. 'दाब कमी पडतोय' एवढंच तो सांगतो, 'टर्बो गेला' असं म्हणत नाही. फाटका होज, व्हॅक्यूमची तडकलेली बारीक नळी, काजळीने अडकलेली टर्बोची फिरती पाती, ती पाती हलवणारा दमलेला ॲक्चुएटर, यातलं काहीही असू शकतं.

टर्बोला हात लावण्याआधी धूर बघा. ताकद नाही आणि काळा धूर आहे, तर डिझेल येतंय पण हवा कमी पडतेय. ताकद नाही आणि धूरही नाही, तर बहुधा डिझेलच कमी पडतंय किंवा ईसीयूने स्वतःच हात आखडता घेतलाय. हा नियम शंभर टक्के नाही. चांगल्या स्थितीतला डीपीएफ धूर गिळून टाकतो, हे ध्यानात ठेवायचं. पण शोध कुठल्या टोकापासून सुरू करायचा ते यातून कळतं.

ईजीआरचं थोडक्यात. पूर्ण रेस दिली की तो व्हॉल्व्ह एरवीही बंदच असतो. उघडा अडकला असेल तरच ताकद खातो, आणि त्यावर उपाय तो साफ करणं किंवा बदलणं हा आहे. धड चालणारा ईजीआर पत्रा लावून बंद केला तर चढावर काडीचा फरक पडत नाही.

डीपीएफ तुंबला की गाडी गुदमरते, हे खरंच आहे. पण तो तुंबला का, हे मेसेज विचारतच नाही. थेंब टाकणारा इंजेक्टर, वर सांगितला तसा फाटका होज, रोजच्या छोट्या फेऱ्या, अशी कारणं असतात. काजळी साधारण ६०० अंश सेल्सिअसला जळते, तेवढी उष्णता छोट्या फेरीत साधत नाही. राख मात्र जळतच नाही, ती काढूनच घ्यावी लागते. कधी दाब मोजणाऱ्या सेन्सरची रबरी नळीच तडकलेली असते आणि बदनाम होतो डीपीएफ. तो कापणं अनेक देशांत बेकायदा आहेच, शिवाय मूळ दुखणं तसंच राहतं.

क्लीनरच्या बाटलीने इंजेक्टरच्या नोझलवरचा थर थोडाफार सुटेल, झिजलेलं नोझल भरून येणार नाही. चोंदलेल्या फिल्टरला तर तिचा काहीच उपयोग नाही. कॉमन रेल इंजिनाला (ज्यात सगळ्या इंजेक्टरना एकाच दाबाच्या नळीतून, म्हणजे रेलमधून, डिझेल मिळतं) आयडलवर डिझेलचा सुमारे ३०० बार दाब पुरतो, पूर्ण लोडवर १,६०० किंवा त्याहून जास्त लागतो. म्हणूनच अर्धा चोंदलेला फिल्टर जागेवर उभ्या गाडीत पकडला जात नाही. चढावर रेलचा दाब मागणीपेक्षा घसरताना दिसला, पी००८७ (रेलचा दाब कमी) हा कोड आला, तर आधी फिल्टर आणि त्यातलं पाणी बघा. मग टाकीकडून येणारी नळी कुठे हवा ओढतेय का ते तपासा. पंपाचा नंबर त्यानंतर.

कोड खोडू नका, आधी लिहून घ्या. खोडला की दोष आला त्या क्षणाचा वेग, लोड, तापमान ही नोंदही जाते. किल्ली बंद करून पुन्हा चालू केल्यावर ताकद परत येत असेल, तर ईसीयूने गाडी लिंप मोडमध्ये (इंजिन वाचवायला ताकद मुद्दाम कमी ठेवायची अवस्था) टाकली होती असं समजायला जागा आहे. तेव्हा ती नोंद सोन्यासारखी.

आता ते नट. जुन्या पंपाच्या इंजिनांवर ही युक्ती चालायची, मीही केली आहे. कॉमन रेलवर करायची नाही. एवढ्या दाबाची डिझेलची बारीक धार हातमोजा आणि कातडी दोन्ही भेदून आत शिरते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, पण बोट गमावण्याची वेळ येऊ शकते. तसं झालंच तर दुखण्याची वाट न बघता लगेच हॉस्पिटल गाठायचं. इंजेक्टर तपासायचा तर प्रत्येकाच्या रिटर्नला (उरलेलं डिझेल परत जातं त्या तोंडाला) एकेक नळी आणि बाटली लावा. जी बाटली बाकीच्यांपेक्षा भराभर भरते, तो इंजेक्टर आतून गळतोय.

आणि जे मेसेजमध्ये नाहीच: आरपीएम चढतो पण वेग चढत नाही, तर क्लच घसरतोय, इंजिनाचा दोष नाही. ब्रेक धरून राहिले तरी गाडी अशीच जड होते. चालवून आल्यावर चारही चाकांजवळ हात न्या, टेकवू नका. एखादं चाक भट्टीसारखं तापलेलं लागलं तर बॉनेट उघडायची गरज नाही.