पहिल्या वर्षाच्या आकड्यांवरून कॉलेज खेळाडू निकालात काढू नका

अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलबद्दल एक विधान सतत फिरत असतं: ‘पहिल्याच वर्षी सामन्याला 20 गुण नाहीत, थ्री-पॉइंटर 40 टक्के पडत नाहीत, तर तो पोरगा एनबीएत टिकणार नाही. आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षापर्यंत कॉलेजात राहिला, तर आशाच सोडा.’ (एनबीए म्हणजे तिथली सर्वोच्च व्यावसायिक लीग, आणि थ्री-पॉइंटर म्हणजे लांबच्या रेषेबाहेरून मारलेला तीन गुणांचा फटका.) या मोजपट्टीने चांगली मुलं निकालात निघतात.

आधी गुणांचं. पुढे एनबीएत स्टार झालेला डेव्हिन बुकर 2014-15 मध्ये केंटकी विद्यापीठाकडून सरासरी 10 गुण काढत होता आणि एकाही सामन्यात सुरुवातीच्या पाचांत नव्हता. पण तो खेळायचाच जेमतेम साडेएकवीस मिनिटं. 40 मिनिटांच्या हिशेबाने तेच गुण साडेअठरा होतात. उलट जिमर फ्रेडेटने 2010-11 मध्ये 28.9 च्या सरासरीने देशात सर्वाधिक गुण काढले, तरी एनबीएत त्याचा जम बसला नाही. ते गुण खोटे नव्हते. ते आले होते चेंडू सतत त्याच्याच हातात असण्यातून, आणि ती मोकळीक वरच्या पातळीवर फार थोड्यांना मिळते. म्हणून आधी 40 मिनिटांचा हिशेब करा, मग किती बास्केट त्याने स्वतः घडवले आणि किती दुसऱ्याच्या पासवर झाले ते वेगळं काढा.

थ्री-पॉइंटरच्या टक्केवारीवर मात्र सगळ्यात जास्त लोक फसतात. हंगामात 30-35 सामने, सामन्याला तीन प्रयत्न, म्हणजे जेमतेम शंभर. ज्याची खरी क्षमता 35 टक्के आहे, त्याचा आकडा शंभर प्रयत्नांत निव्वळ नशिबाने 30 किंवा 40 दिसणं अगदी साधी गोष्ट आहे. अँथनी बेनेटने कॉलेजात 37.5 टक्के थ्री मारले, पण शंभराहून कमी प्रयत्नांत. 2013 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीए संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या निवडीत, तो पहिला निवडला गेला आणि चार हंगामांत एनबीएबाहेर पडला. शिवाय थ्री-पॉइंटची रेषाही दोन्हीकडे एकाच अंतरावर नाही: कॉलेजात 6.75 मीटर, एनबीएत कोपरे सोडले तर 7.24.

त्यापेक्षा फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर मिळणारे मोकळे फटके, पाहा. अंतर दोन्हीकडे तेच, 4.57 मीटर, आणि समोर कोणी हात उंचावत नाही, त्यामुळे हाताचा खरा अंदाज तिथे येतो. कार्ल-अँथनी टाउन्सने केंटकीत थ्री हाताच्या बोटांवर मोजण्याइतके घेतले, पण फ्री थ्रो 81 टक्के टाकले. 2022 मध्ये तो एनबीएची थ्री-पॉइंट स्पर्धा जिंकला. कवाय लेनर्डचे कॉलेजातले थ्री 25 टक्के, फ्री थ्रो मात्र 70 च्या वर. एनबीएच्या पहिल्याच हंगामात त्याचे थ्री 37 टक्क्यांवर गेले. अर्थात 40 फ्री थ्रोंवरूनही काही ठरत नाही. दोन हंगाम एकत्र करा आणि प्रयत्नांची संख्याही बघा: सामन्याला सहा थ्री घेऊन 34 टक्के टाकणारा, दीड घेऊन 42 टक्के दाखवणाऱ्यापेक्षा बहुधा जास्त भरवशाचा.

इथेच आणखी एक गोष्ट. एनबीएत कोणाला जवळून अडवत नसलेला बचावपटू बास्केटखालच्या पट्ट्यात तीन सेकंदांहून जास्त थांबू शकत नाही. कॉलेजात बचावावर असं बंधन नाही, त्यामुळे आत घुसणाऱ्या खेळाडूची वाट तिथे कायम गर्दीची असते. त्याचे बास्केटजवळचे चुकलेले फटके मोजताना हे ध्यानात ठेवा.

वयाच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. 19 व्या वर्षी जे जमतं त्याचं मोल 22 व्या वर्षीपेक्षा जास्तच. पण मोजायची ती जन्मतारीख, कॉलेजातलं वर्ष नव्हे. एकाच वर्गातल्या दोघांत दीड वर्षाचं अंतर सहज असतं. आणि उशीर म्हणजे शेवट नव्हे: पुढे एनबीएत दिग्गज ठरलेला स्टीफन करी डेव्हिडसन कॉलेजात तीन हंगाम खेळला. डेमियन लिलर्ड वेबर स्टेट विद्यापीठात चार वर्षं राहून 2012 मध्ये सहावा निवडला गेला आणि लगेच वर्षातला सर्वोत्तम नवोदित ठरला.

मोठ्या वयाच्या खेळाडूची वाढ कशातून झाली तेवढं तपासा. बलाढ्य संघांविरुद्धचे चार-पाच पूर्ण सामने घ्या, हरलेलेही. निवडक फटक्यांची चित्रफीत नको. प्रत्येक वेळी तो आत घुसला की लिहा: डावीकडून की उजवीकडून, शेवट पासने, फटक्याने की टर्नओव्हरने, म्हणजे चेंडू गमावून. कमकुवत हाताने जाणं वाढलं असेल आणि दुसरा बचावपटू धावून येताच पास निघत असेल, तर ती प्रगती पुढे कामाला येते. वाढलेले गुण निव्वळ लहान पोरांना अंगाने रेटून आले असतील, तर पुढे त्याच्यासमोर त्याच्याहून दणकट माणसं उभी राहणार आहेत.