हबल अवकाश दुर्बिणीच्या फोटोंतले रंग: फिरणाऱ्या मेसेजबद्दल खुलासा

‘हबलचे फोटो मुळात काळे-पांढरे असतात, नासा मनाला येईल ते रंग भरते’ असा मेसेज फिरतोय. पहिला भाग खरा आहे. सेन्सर फक्त प्रकाशाची तीव्रता मोजतो; रंग कळतो तो समोरच्या फिल्टरवरून. ‘मनाला येईल ते’ मात्र चूक. १९९५च्या ‘पिलर्स ऑफ क्रिएशन’ या अवकाशातल्या वायू-धुळीच्या खांबांच्या फोटोत ५०२ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश देणारा ऑक्सिजन निळा, ६५६चा हायड्रोजन हिरवा, ६७३चा सल्फर लाल दाखवलाय. शेवटचे दोन्ही डोळ्यांना लालच दिसले असते, वेगळे ओळखू आले नसते. (हिरवा हायड्रोजन मलाही खटकतो, पण क्रम तरंगलांबीचाच आहे.) मूळ फ्रेम्स फिल्टरच्या नावासकट हबलच्या ऑनलाइन संग्रहात सर्वांसाठी खुल्या आहेत, तिथे पडताळून पाहा. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.