दुसऱ्यांदा काहीच करत नाही

गोष्ट कालचीच आहे, त्यामुळे सूर जरा तिखट लागेल. नवा सर्व्हर उभा करायचा प्रोग्राम लिहिला. युजर, एसएसएचच्या (दुरून लॉगिन करायच्या) चाव्या, फायरवॉल, एनजिनएक्स हा वेब सर्व्हर, सगळं एका फाइलीत. फाइल कॉपी करा, चालवायची परवानगी द्या, चालवा.

याच कामासाठी ॲन्सिबल नावाचं टूल 2012 पासून आहे की, असं कुणीतरी म्हणणारच. आहे, आणि चांगलंच आहे. पण त्याच्या बहुतेक मॉड्यूलांना समोरच्या मशीनवर पायथन लागतो, आणि आमच्या मशीनांवर कुठला पायथन निघेल ते देव जाणे. माझा प्रोग्राम गो भाषेतला; तिथे सीगो, म्हणजे सी भाषेतल्या कोडशी जोडणी, बंद करून बांधलेली फाइल समोर काहीच मागत नाही. जीलिबसीची (लिनक्सवरच्या मूळ सी लायब्ररीची) आवृत्ती जुळत नाही म्हणून मध्यरात्री हटून बसलेला सर्व्हर ज्याने पाहिलाय, त्याला हे सुख कळेल.

सरांना कळलं नाही. सर म्हणजे मंजुरी देणारे.

"चालव." चालवला. 'युजर तयार', 'फायरवॉल सुरू', ओळी सरसर खाली. सर खूश. "पुन्हा चालव." पुन्हा चालवला. 'बदल नाही. बदल नाही. बदल नाही.'

"बंद पडला?"

"नाही सर, सगळं जागेवर आहे म्हणून हात लावला नाही."

"म्हणजे दुसऱ्यांदा काहीच करत नाही."

"करायचंच नसतं सर. आधी बघतो, कमी असेल तेवढंच करतो."

"मग पहिल्यांदा खरंच केलं याला पुरावा काय?"

मी फायरवॉलचा एक नियम हाताने उडवला आणि परत चालवला. तेवढा एकच नियम परत आला. मी विजयी मुद्रेने वळलो.

"पण तो तूच बिघडवलास ना?" सर म्हणाले.

मग त्यांनी शीट उघडली. पायरी, कोणी केलं, स्क्रीनशॉट, शेरा. 'कोणी केलं'मध्ये मी प्रोग्रामचं नाव लिहिलं. "माणसाचं नाव लिही. ऑडिटला प्रोग्राम येऊन बसणार आहे का?"

आता खरं दुखणं. याच शीटमध्ये जुन्या सर्व्हरांसमोर 'पासवर्ड लॉगिन बंद: पूर्ण' असं हिरव्या रंगात लिहिलंय, स्क्रीनशॉटसकट. स्क्रीनशॉट खरा आहे, मुख्य कॉन्फिगमध्ये 'नो' दिसतंय. पण त्याच कॉन्फिगच्या वरच्या ओळीत जोडलेल्या फोल्डरमधल्या एका छोट्या फाइलीत 'येस' आहे, आणि एसएसएचडी, म्हणजे सर्व्हरवर एसएसएच लॉगिन सांभाळणारा प्रोग्राम, आधी वाचलेलंच खरं मानतो. सर्व्हर पासवर्ड घेत बसलेत. माझा प्रोग्राम फाइल वाचून थांबत नाही, 'एसएसएचडी -टी' (कॅपिटल टी) चालवून प्रत्यक्षात काय लागू आहे ते बघतो. तो मंजुरीसाठी लटकलाय; हिरवी शीट मात्र दर तिमाहीला बिनबोभाट पास होते. टाय लावून फिरणाऱ्या ऑडिटरला हिरवा रंग आवडतो, दुसरं काय.

आज सकाळी सरांचा मेल आला. प्रोग्राम तत्त्वतः मान्य. फक्त तो चालवण्याआधी सर्व्हरवर हाताने काय काय बसवावं लागेल, त्याची एक शीट जोडायची आहे. स्क्रीनशॉटसह.